तहहयात

‘तहहयात’ हा जुन्या सनदा-इनामांच्या भाषेतला शब्द. ‘ता’ म्हणजे पर्यंत आणि ‘हयात’ म्हणजे जिवंतपण. थोडक्यात, जिवात जीव आहे तोवर. इनामे गेली, सनदा पुराभिलेखागारात जाऊन पडल्या, परंतु हा शब्द मात्र संस्थांच्या घटनांमध्ये सुखाने नांदत राहिला. माझ्या शासकीय नोकरीची काही वर्षे संस्थांच्या नोंदणी कार्यालयात गेली. भजनी मंडळापासून शिक्षणसंस्थेपर्यंत नाना प्रकारच्या घटना तेथे डोळ्यांखालून गेल्या आणि त्यांपैकी कितीतरी घटनांत कुठल्यातरी कलमाच्या आडोशाला ‘तहहयात अध्यक्ष’ बसलेले आढळत. वाचनालयाच्या किंवा वधूवर सूचक मंडळाच्या बाबतीत त्याचे फारसे काही वाटत नसे. ज्यांनी पदरमोड करून संस्था उभी केली त्यांना सभासदांनी मरेपर्यंत मान दिला, तर बाहेरच्याने नाक मुरडण्याचे कारण नाही. पण जी संस्था एखाद्या खेळाचा संघ देशाच्या नावाने जगात पाठवते, त्या संस्थेत हा शब्द कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हाही पडे.

या प्रश्नाचे उत्तर दिल्ली उच्च न्यायालयाने २५ मे २०२२ रोजी दिले. ‘हॉकी इंडिया’ या राष्ट्रीय महासंघाने आपल्या घटनेत निर्माण केलेली आजीव अध्यक्ष आणि आजीव सदस्य ही पदे न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि महासंघाचा कारभार तीन सदस्यांच्या प्रशासक समितीकडे सोपवला. निकालाची चर्चा झाली ती मुख्यतः नरिंदर बत्रा यांच्यामुळे. हॉकी इंडियातील ज्या आजीव सदस्यत्वाच्या पायावर त्यांचे भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपद उभे होते, तो पायाच निघाला. १८ जुलै २०२२ रोजी त्यांनी ऑलिंपिक संघटना, आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती या तिन्ही ठिकाणचे राजीनामे दिले. एका देशातील एका महासंघाच्या घटनेतले एक कलम गळून पडले आणि त्याचा हादरा लोझानपर्यंत गेला, असे क्वचितच घडते.

आम्हा भोपाळकरांना मात्र या निकालात आणखी एक नाव दिसत होते. याचिकाकर्ते होते अस्लम शेर खान.

भोपाळला ‘हॉकीची नर्सरी’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो पोकळ नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात या एका संस्थानी शहरातले दोन खेळाडू होते, अहसन मोहम्मद खान आणि अहमद शेर खान. अहमद शेर खान हे अस्लम यांचे वडील. नवाब हमीदुल्ला खान स्वतः पोलोचे नामांकित खेळाडू. त्यांनी हॉकीला उदार आश्रय दिला, थोरल्या दिवंगत बंधूंच्या नावाने १९३१ पासून ओबैदुल्ला खान सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली आणि ‘भोपाळ वाँडरर्स’चे नाव देशभर दुमदुमले. (हेच नवाब १९३५ ते १९३७ या काळात क्रिकेट नियामक मंडळाचेही अध्यक्ष होते, हे आजच्या पिढीला सहसा ठाऊक नसते.) जुन्या शहरातल्या पटांगणांवर आणि गल्ल्यांत पोरे ज्या काठ्यांनी खेळत, त्यांना हॉकी स्टिक म्हणणे म्हणजे औदार्यच, परंतु चेंडू त्या काठ्यांना चिकटून राही, एवढे खरे.

आश्रयदात्याचा काळ कसा होता, हे सांगण्याचे कारण आहे. नवाब खेळावर खर्च करीत तो आपल्या खजिन्यातून. संघ त्यांचा, स्पर्धा त्यांची, मर्जी त्यांची. ती व्यवस्था सरंजामी होती, पण तिच्यात लपवाछपवी नव्हती. स्वातंत्र्यानंतर खजिना सार्वजनिक झाला. प्रशिक्षण शिबिरे, परदेश दौरे, मैदाने यांचा खर्च बव्हंशी शासन किंवा सार्वजनिक उपक्रम करू लागले. मर्जी मात्र खाजगीच राहिली. महासंघांच्या अध्यक्षांनी नवाबांचे अधिकार उचलले आणि नवाबांचा खर्च जनतेकडे सोपवला. माझ्या मते आपल्या क्रीडा-कारभाराचे मूळ दुखणे हे आहे. हिशेब मागायला गेले की महासंघ सांगतो, ‘आम्ही नोंदणीकृत खाजगी संस्था आहोत’; अनुदान मागायला तो येतो तेव्हा छातीवर तिरंगा असतो.

अस्लम शेर खान यांची कीर्ती एका फटक्यावर उभी आहे, असे कुणी म्हणाले तर ते त्यांच्यावर अन्याय करणारे असले तरी अगदी खोटे नाही. मार्च १९७५, क्वालालंपूर. विश्वचषकाचा उपांत्य सामना यजमान मलेशियाशी. भारत १-२ असा मागे आणि सामना संपायला थोडी मिनिटे उरलेली. बदली खेळाडू म्हणून आलेल्या या एकवीस वर्षांच्या मुलाने पेनल्टी कॉर्नर घेण्यापूर्वी गळ्यातल्या ताविजाचे चुंबन घेतले आणि चेंडू गोलात मारला. जादा वेळेत हरचरण सिंगांनी विजयी गोल केला, आणि १५ मार्चला अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ असे हरवून भारताने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणारे अशोक कुमार हे ध्यानचंदांचे चिरंजीव. बर्लिनला बाप एकत्र खेळले, क्वालालंपूरला मुलगे. त्यानंतर २०२३ पर्यंतच्या एकाही विश्वचषकात भारताला पदक मिळालेले नाही.

त्याच वर्षी, २० सप्टेंबर १९७५ रोजी, दिल्लीतून एक पत्र निघाले. राष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या पदाधिकाऱ्यांनी किती काळ पदावर राहावे याला मर्यादा घालणाऱ्या मार्गदर्शक सूचना त्यात होत्या. विश्वचषकाची गोष्ट घरोघरी सांगितली गेली. या पत्राची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण पत्रांच्या गोष्टी कंटाळवाण्या असतात. परंतु ज्याने आयुष्य नस्त्या हाताळण्यात घालवले त्याला विचाराल तर तो सांगेल की परिपत्रकाचे आयुष्य त्याच्यावरच्या सहीने ठरत नाही. त्याचा पाठपुरावा करणारा कोणी टेबलावर बसला आहे की नाही, यावर ठरते. हे पत्र निघाले तेव्हा त्याच्यामागे कायदा नव्हता. पाळले नाही तर अनुदान किंवा मान्यता थांबेल, एवढाच काय तो धाक. आणि महासंघांच्या खुर्च्यांवर बसलेले लोक बहुधा असे असत की त्यांचे अनुदान थांबवण्याची नस्ती वर पाठवण्यास कुठलाही अवर सचिव दहा वेळा विचार करील. मंत्री, खासदार, पोलीस महासंचालक, उद्योगपती, सर्व पक्षांचे. क्रीडा संघटना हे आपल्या देशातील पक्षभेद विसरण्याचे एकमेव ठिकाण आहे, असे कधी कधी वाटते.

मग ही मर्यादा कधी शिथिल झाली, कधी बासनात गेली. १ मे २०१० रोजी क्रीडा मंत्रालयाने ती पुन्हा लागू केली, २०११ मध्ये तिचा समावेश राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेत झाला, आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. एका पत्राला न्यायालयाच्या दारातून सहीसलामत बाहेर पडायला एकोणचाळीस वर्षे लागली.

दरम्यान हॉकीचे काय झाले, हे आपण सर्वांनी पाहिले. के. पी. एस. गिल १९९४ ते २००८ अशी चौदा वर्षे भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष होते. १९९८ साली बँकॉकच्या एशियाडमध्ये, तब्बल बत्तीस वर्षांनी, भारताने सुवर्णपदक मिळवले. कर्णधार होता पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले. संघ परत आला आणि काही दिवसांतच धनराजसह अर्धा डझन ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. विश्रांती दिली, असे सांगण्यात आले. मानधनाच्या थकबाकीबद्दल खेळाडूंनी तोंड उघडले होते, त्याची ही शिक्षा, असे लोकांनी मानले. सुवर्णपदक जिंकून आलेल्या कर्णधाराला विश्रांतीची एवढी तातडीने गरज भासावी, हे वैद्यकशास्त्रालाही चकित करणारे आहे.

पुढे मार्च २००८ मध्ये चिलीतील सँतियागो येथे भारत ब्रिटनकडून ०-२ असा हरला आणि १९२८ पासून प्रथमच ऑलिंपिक हॉकीत भारताचा संघ नसेल, हे निश्चित झाले. पुढल्याच महिन्यात एका दूरचित्रवाहिनीने महासंघाचे सचिव संघनिवडीच्या संदर्भात पैसे स्वीकारताना दाखवले. सचिवांनी आरोप नाकारला आणि राजीनामा दिला; २८ एप्रिल २००८ रोजी ऑलिंपिक संघटनेने महासंघच निलंबित केला. तात्पुरत्या पाच सदस्यांच्या समितीचे प्रमुख नेमले गेले ते अस्लम शेर खान, आणि त्यांच्या सोबत अशोक कुमार, अजितपाल सिंग, झफर इक्बाल व धनराज पिल्ले. एवढे कर्तृत्व एका टेबलाभोवती बसलेले पाहून हॉकीप्रेमींना भरून आले होते.

मला मात्र त्या आनंदात एक खडा लागत होता. ही समितीही नेमलेलीच होती, निवडलेली नव्हती. आणि नेमणारी ऑलिंपिक संघटना होती, जिचे अध्यक्ष, पुण्याचे सुरेश कलमाडी, १९९६ पासून त्या पदावर होते. याच संघटनेने पुढे डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईच्या वार्षिक सभेत कलमाडी व अभयसिंह चौटाला यांना आजीव अध्यक्ष केले. गदारोळ झाला, मंत्रालयाने संघटनेची मान्यता निलंबित केली, कलमाडींनी मान स्वीकारण्यास नकार कळवला आणि जानेवारीत ठराव मागे घेण्यात आला. म्हणजे एका महासंघाची शुद्धी करायला ज्या हातांनी पाणी ओतले, त्याच हातांत तहहयातचा शिक्काही होता. खेळाडूंच्या समितीच्या जागी २००९ मध्ये हॉकी इंडियाची स्थापना झाली, आणि जुना महासंघ व नवा महासंघ यांची न्यायालयीन साठमारी वर्षानुवर्षे चालली.

या साठमारीचा अर्थ भोपाळने जानेवारी २०१० मध्ये अगदी जवळून पाहिला. दिल्लीतल्या विश्वचषकासाठी पुरुष संघाचे शिबिर पुण्यात भरले होते आणि थकलेल्या पैशांसाठी खेळाडूंनी सराव थांबवला होता. वृत्तपत्रांची पहिली पाने पुण्याने व्यापली. त्याच वेळी महिला संघाचे शिबिर येथे भोपाळात चालू होते. या मुलींचेही पैसे थकले होते. किंबहुना त्यांना पुरुषांच्या तुलनेत मुळात मिळतच फार थोडे असे. त्यांनी सराव सोडला नाही. दंडाला काळ्या फिती बांधून त्या मैदानात उतरल्या, आणि लोकांनी मदत करावी म्हणून त्यांनी बँकेत एक खाते उघडले. भारताच्या राष्ट्रीय संघाने वर्गणीसाठी उघडलेले खाते! राज्य शासनाने पुढे होऊन मदतीची घोषणा केली, आमच्या कार्यालयातही चहाच्या वेळी चार दिवस दुसरा विषय नव्हता. एक सहकारी म्हणाले, ‘कुळकर्णीसाहेब, या मुलींची तक्रार कोणाकडे नोंदवायची हो?’ प्रश्न साधा होता. शासकीय कर्मचाऱ्याचा पगार थकला तर त्याला लवाद आहे, कामगाराला कामगार न्यायालय आहे. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूला कोण होते? महासंघाची ती सभासद नाही, मतदार नाही, नोकरही नाही. घटनेच्या दृष्टीने ती कोणीच नव्हती.

त्याच वर्षी जुलै महिन्यात महिला संघातील एका खेळाडूने प्रशिक्षकांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. प्रशिक्षकांनी आरोप नाकारला, परंतु त्यांना पद सोडावे लागले. आणि लगेच ऑगस्टमध्ये हॉकी इंडियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला परगट सिंग, दोन ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधारपद भूषवलेले; दुसऱ्या बाजूला हिमाचलच्या ज्येष्ठ राजकारणी विद्या स्टोक्स, वय ऐंशीच्या पुढे. परगट सिंग २१ विरुद्ध ४१ मतांनी हरले. विद्याताईंच्या वयाची टिंगल मला करायची नाही; मीही साठी ओलांडली आहे. पण बासष्ट मतदारांनी तो कौल दिला आणि ज्यांच्या पायांवर, गुडघ्यांवर आणि पोटावर तो खेळ उभा होता, त्यांच्यापैकी किती जण त्या बासष्टांत होते, याचा विचार मनातून जात नव्हता.

मतदार कसे तयार होतात, हे मी माझ्या टेबलावरून पाहिले आहे. एका जिल्ह्यातील एका खेळाच्या संघटनेची नस्ती माझ्याकडे आली होती. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अकरा क्लब सभासद म्हणून नोंदलेले. त्यांपैकी चार क्लबांचा पत्ता एकच, आणि तो एका कापड दुकानाचा. अध्यक्ष सव्वीस वर्षे तेच. सभेचा कोरम पूर्ण, ठराव एकमताने, लेखापरीक्षकाचा शिक्का जागच्या जागी. मी विचारले, आपल्या कार्यकारिणीत हा खेळ खेळलेले कोण आहे? सचिव अत्यंत नम्रपणे उत्तरले, ‘साहब, खिलाड़ी खेलते हैं, संगठन हम चलाते हैं।’ कायद्यात बसणारे उत्तर होते. घटनेने जे सांगितले ते सर्व त्यांनी केले होते, आणि सोसायटी कायदा खेळाडू कोठे आहे असे विचारीत नाही. असे जिल्हे मिळून राज्य संघटना होते, राज्ये मिळून राष्ट्रीय महासंघ, आणि राष्ट्रीय महासंघांच्या मतांवर आंतरराष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष निवडला जातो. कापड दुकानातले ते चार क्लब अशा रीतीने थेट जगाच्या कारभारात मतदान करीत असतात.

जग काही वेगळे आहे, असा गैरसमज नको. सॉल्ट लेक सिटीला २००२ चे हिवाळी ऑलिंपिक मिळवून देताना झालेल्या लाचखोरीमुळे १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीच्या दहा सदस्यांना जावे लागले, काहींना हाकलले, काहींनी राजीनामे दिले. आणि त्यानंतरच अध्यक्षाच्या कारकिर्दीला आठ अधिक चार अशा बारा वर्षांची मर्यादा आली. २७ मे २०१५ च्या पहाटे झुरिकच्या एका आलिशान हॉटेलात फुटबॉल महासंघाच्या पदाधिकाऱ्यांना पोलिसांनी झोपेतून उठवून नेले. या संस्था स्वित्झर्लंडच्या दिवाणी कायद्याखाली नोंदलेल्या मंडळ्याच आहेत. कोट्यवधींची उलाढाल असली तरी कायदेशीर ठेवण एखाद्या गायन मंडळाची.

स्वायत्ततेचा त्यांचा आग्रह मात्र सर्वस्वी ढोंगी आहे, असे मी म्हणणार नाही. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घालावा म्हणून थॅचर सरकारने ब्रिटनच्या ऑलिंपिक संघटनेवर दडपण आणले होते. संघटनेने ते झुगारले आणि खेळाडू गेले. सरकारने हुकूम सोडला आणि खेळाडूंनी सामान बांधले, असे होऊ लागले तर खेळ राहणार नाही. भारताने हॉकीतले आठवे सुवर्णपदक त्याच मॉस्कोत जिंकले. पण सरकारच्या हुकमाविरुद्ध बांधलेली ही भिंत पुढे हिशेबाविरुद्ध वापरली जाऊ लागली. डिसेंबर २०१२ मध्ये ऑलिंपिक समितीने भारतीय संघटनेला निलंबित केले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची येथे शिवा केशवन व त्याचे सोबती उद्घाटनाच्या संचलनात तिरंग्याशिवाय चालले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने नेमलेले प्रशासक हा ‘तिऱ्हाइताचा हस्तक्षेप’ ठरवून फुटबॉल महासंघाने भारताला जवळजवळ पंधरवडाभर निलंबित ठेवले. पदाधिकारी भांडतात आणि झेंडा खेळाडूच्या हातून जातो.

हॉकीतही ही धास्ती होतीच, कारण जानेवारी २०२३ मध्ये ओदिशात विश्वचषक व्हायचा होता. तरीही न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त डॉ. एस. वाय. कुरेशी आणि तेच झफर इक्बाल अशी समिती नेमली. सप्टेंबर २०२२ मध्ये निवडणूक होऊन माजी कर्णधार दिलीप तिर्की बिनविरोध अध्यक्ष झाले; विश्वचषकही ठरल्या वेळी पार पडला. आकाश कोसळले नाही.

या निकालावर येथील मित्रमंडळींत वाद झाला तेव्हा एका गृहस्थांनी जो मुद्दा मांडला तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. ते म्हणाले, बत्रांच्या काळातच ना टोकियोत पदक मिळाले? एक्केचाळीस वर्षांचा दुष्काळ संपला तो ५ ऑगस्ट २०२१ रोजी, आणि मुलींचा संघ चौथा आला. ओदिशा शासनाचे पाठबळ, परदेशी प्रशिक्षक, वेळेवर पैसे, सारे त्याच काळातले. त्या कांस्यपदक विजेत्या संघात इटारसीजवळच्या खेड्यातला विवेक सागर प्रसाद होता. त्याला अकोल्याच्या एका स्पर्धेत अशोक कुमारांनी हेरले आणि भोपाळच्या राज्य अकादमीत आणले. म्हणजे अमक्या माणसाने घटना वाकवली असेल, पण काम तर केले!

हा युक्तिवाद मी नोकरीत इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा आवाजही मला ओळखीचा आहे. जे काम झाले ते मान्य करावे. त्या काळातील पदके कोणी परत करायला सांगत नाही. पण जो माणूस चांगले काम करतो त्याला कायमचे पद लागत नाही, दर चार वर्षांनी त्याला निवडून देता येते. कायमचे पद लागते ते पुढे काम नीट झाले नाही तरी हलता येऊ नये म्हणून. आणि मुद्दा कोणा एका बत्रांचा नव्हताच. २०१० मध्ये काळ्या फिती बांधणाऱ्या मुलींनी त्या वेळच्या पदाधिकाऱ्यांना मत देऊन खाली उतरवण्याची सोय असती, तर त्यांना बँकेत खाते उघडावे लागले नसते.

२०२३ मध्ये जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर मुलींनी तोच प्रश्न अधिक कठोर शब्दांत विचारला. तो सर्वांच्या स्मरणात असल्याने येथे विस्तार करीत नाही. मला वाटते, पुढील कायद्यास जी गती मिळाली तिच्यात त्या आंदोलनाचा मोठा वाटा होता.

तो कायदा, राष्ट्रीय क्रीडा सुशासन अधिनियम, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, क्रीडा न्यायाधिकरण, निवडणुकांसाठी स्वतंत्र पॅनेल अशी रचना त्यात आहे. १९७५ च्या पत्राला अशा प्रकारे पन्नासाव्या वर्षी कायद्याचे अंग मिळाले. सहकाऱ्याने २०१० मध्ये विचारलेल्या प्रश्नाला आता निदान एक पत्ता आहे. कार्यकारिणीत पंधरापेक्षा अधिक सदस्य नसावेत, त्यांत किमान चार महिला असाव्यात, नामवंत खेळाडूंना जागा असाव्यात, हेही आले. मी हा कायदा जुन्या सवयीने पेन्सिल घेऊन वाचला. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांना सलग तीन कार्यकाळ, म्हणजे बारा वर्षे. मध्ये खंड घेऊन पुन्हा येण्याची वाट मोकळी. सत्तरीची वयोमर्यादा आंतरराष्ट्रीय नियम अनुमती देत असतील तर पंचाहत्तरीपर्यंत ताणता येते. माहितीचा अधिकार शासकीय पैसा घेणाऱ्यांपुरता. त्यामुळे मुंबईतील क्रिकेट नियामक मंडळ बाहेर. पेन्सिलीच्या खुणा बऱ्याच झाल्या, तरी मी हा कायदा स्वागतार्हच मानतो. पन्नास वर्षांनी आलेल्या पाहुण्याला दारातच उलटतपासणीला उभे करू नये.

फक्त एक गोष्ट शोधत होतो. राष्ट्रीय महासंघाला संलग्न राज्य संघटना, राज्याला संलग्न जिल्हा संघटना, आणि जिल्ह्याला संलग्न क्लब. या शेवटच्या पायरीवर मतदार यादी कोण तपासणार? अस्लम शेर खान दिल्लीपर्यंत गेले म्हणून वरच्या मजल्यावरचे आजीव पद निघाले. तळमजल्यावरच्या घटना आजही जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नोंदणी कार्यालयांच्या लोखंडी कपाटांत आहेत. दरवर्षी त्यांच्या विवरणपत्रांवर शिक्का बसतो, क्लबांच्या नावांपुढे पत्ते लिहिलेले असतात, आणि तो पत्ता मैदानाचा आहे की दुकानाचा, हे जाऊन पाहण्याचा अधिकार त्या खिडकीत बसलेल्या कारकुनाला अजून कोणी दिलेला नाही.